नाळआई खोर्लो

रोज सकाळी घरचा चहा उकळायला ठेवण्याआधी खोर्लो दवाखान्यात जायची आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी पेटवायची. त्या खोलीत बाळंतीण नसायची. कित्येक वर्षांत नव्हती. पण लोखंडी पलंगाला गारठा बसू नये, भिंतींना ओल धरू नये, म्हणून ती घमेलंभर कोळसा घालायची, खिडकीचं तावदान पुसायची, चादर झटकून पुन्हा तशीच अंथरायची आणि मग हात चोळत बाहेर यायची.

दवाखान्याचा डॉक्टर बात्सुख वयानं तिच्या पोराएवढा, हुद्द्यानं मात्र तिचा साहेब. तो दारातच अडवायचा, पण ग्वाई असं मानानं म्हणून. "खोर्लो-ग्वाई, रिकाम्या खोलीला ऊब कशाला हो? कोळसा काय फुकट येतो?"

"दुपारी जेवणानंतर तुम्हीही रिकामेच असता, डॉक्टर. मग तुमचीही शेगडी विझवते."

बात्सुख हसायचा आणि वाट सोडायचा. बिचारा वाईट नव्हता. वाईट तसं या गोष्टीत कुणीच नाही, आणि तीच तर पंचाईत आहे.

खोर्लो ही आमच्या गावची सुईण. राजधानीत शिकून आलेली, सरकारी नेमणुकीची. तरणी होती तेव्हा आली आणि इथल्याच गाडीवानाशी, म्हणजे दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या चोइनोमशी लग्न करून इथलीच झाली. गावातला आणि माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्या गेरांमधला, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूंमधला, जो कुणी आज पंचविशी-तिशीत आहे, त्याला या जगातला पहिला स्पर्श खोर्लोच्या हातांचा.

आमच्याकडे जी बाई नाळ कापते ती त्या लेकराची नाळआई. जन्मदात्रीच्या खालोखाल तिचा मान. जावळाला तिला बोलावणं जातं, लग्नात तिला वरच्या अंगाला बसवतात, आणि त्सागान सारला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत, लेकरू कुठेही असलं तरी खादग, म्हणजे मानाचं निळं रेशमी वस्त्र, हातांवर घेऊन तिच्या दारी येतं. खोर्लोच्या घरी त्या दिवसांत अशी गर्दी व्हायची की मांस भरून वाफवलेल्या बूजांची पातेली उतरवता उतरवता चोइनोमची कंबर धरायची. वयानं मोठी पुढे, लहान मागे. खोर्लो एकेकाचा गाल जवळ ओढून त्याचा वास घ्यायची आणि हा पायाळू, ही निळी पडलेली, हा आल्या आल्या माझ्या अंगावर मुतलेला, असं सगळ्यांसमोर सांगून मोठमोठ्या बाप्यांना लाजवायची.

गर्दी अजूनही व्हायची. पण शेपटाकडे आता कुणी लहान नसायचं. रांगेतला सगळ्यांत धाकटा शाळेत कुस्ती खेळायला लागला होता आणि गालाचा वास घेऊ द्यायला तयार नव्हता. पाहुणे पांगले की खोर्लो उरलेली बूज झाकून ठेवायची आणि उगाच दाराकडे पाहत बसायची.

"आता कोण यायचं राहिलंय?" चोइनोम विचारायचा.

"जन्मायचेच राहिलेत ते," ती म्हणायची.

स्वतःचं मूल या दोघांना झालं नाही. त्यावरून त्यांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. बोल लावायला बाकी विषय पुष्कळ होते.

खोली रिकामी पडली त्याला कारण होतं. हिवाळा सरता सरता एकदा त्सेवेल नावाची बाई दुसऱ्या खेपेला आली. पहिली मुलगी सार्नाई खोर्लोच्याच हातची. दुसरं बाळ आडवं होतं, आणि त्यात रक्त थांबेना. बाहेर वादळ. चोइनोम खिंडीत फावड्यानं बर्फ उपसत होता आणि इकडे खोर्लो दोन्ही मुठींनी त्सेवेलचं पोट दाबून धरून बसली होती. रक्ताच्या पिशव्या हव्या होत्या, चिरफाड करणारा डॉक्टर हवा होता. हे दोन्ही होते खिंडीपलीकडे, जिल्ह्याच्या गावात. त्सेवेल गेली, बाळही गेलं.

पुढे वरून हुकूम आला. बाळंतपण करायचं ते जिल्ह्याच्या इस्पितळातच. दिवस भरत आले की बाईला गाडीत घालून आधीच तिकडे पोचवायचं, तिथल्या वाट पाहण्याच्या घरात ठेवायचं. हुकूम बरोबर होता. खोर्लोला ते कुणी समजावायची गरज नव्हती. त्सेवेलला तिनंच पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं. हुकूम आला तेव्हापासून आमच्या गावची एकही बाई बाळंतपणात दगावली नाही. डोक्याला हे सगळं पटायचं. हातांची समजूत कशी घालायची, तेवढं तिला कळत नव्हतं. कधी कणीक मळताना, कधी कोकरू ओढून काढताना हात आपोआप त्या जुन्या सवयीत जायचे आणि मग तिला काम टाकून बाहेर उभं राहावं लागायचं.

त्यातून बायकांना घेऊन जाणारा तिचाच नवरा. "माझ्या बायका पळवतोस," असं ती त्याला चारचौघांत म्हणायची. एका वर्षी तर कहर झाला. वाटेतच एक बाई अडली, सोबतच्या नर्सच्या हाताला काम पुरेना, म्हणून चोइनोमनं अंगावरचा लांब देल काढून अंथरला आणि नर्स सांगेल तसं धरलं, ओढलं, नाळ कापली. पुढच्या त्सागान सारला ते कुटुंब खादग घेऊन दारात उभं! चोइनोम लाजून लालेलाल. खोर्लोनं पाहुण्यांना हसून चहा दिला आणि ते गेल्यावर नवऱ्याशी अबोला धरला.

"अगं, मी काय मुद्दाम केलं का?"

भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मला एक नवं लेकरू नाही वर्षानुवर्षं, आणि मेल्या तुला आहे."

बोलून झाल्यावर ती रडली. चोइनोमला काय करावं सुचेना, तो बाहेर जाऊन उगीच गाडीची चाकं तपासत राहिला.

मग एका शरदात बातमी आली की राजधानीहून समिती येणार. देशाच्या आरोग्यव्यवस्थेनं इतक्या वर्षांत काय साधलं, कुठे कमी पडली, याचा मोठा आढावा चालला होता, आणि त्यात आमच्यासारखी कडेची गावंही पाहायची होती. बात्सुखनं दवाखान्याला चुना लावला, फाटक्या गाद्या लपवल्या, आणि खोर्लोला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ग्वाई, रागावू नका. अशा बंद पडलेल्या बाळंतिणीच्या खोल्या ठेवायच्या की मोडायच्या, तेही हेच लोक ठरवणार आहेत. मोडली तर आपल्याला तिथे पडदा बसवून मिळेल. पेशंटला समोर बसवायचं आणि जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तिकडून बघायचं."

"बघायचं. हात कोण लावणार?"

"मी आहे की."

"तुम्ही हात लावण्याआधी फुंकर मारता, डॉक्टर. पोरं दचकतात."

बोलली खरी, पण त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष नव्हतं. खोली रिकामी असली तरी होती. पलंग होता, खिडकी होती. एकदा का पलंग उचलला, की पुन्हा कुणी आणणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी सार्नाई दवाखान्यात आली. त्सेवेलची तीच थोरली मुलगी. आई गेल्यावर बाप मेंढरांमागे, म्हणून शाळेच्या वसतिगृहात राहिलेली आणि दर रविवारी खोर्लोकडे वेणी घालून घ्यायला येणारी. आता लग्न झालेली, एका मुलाची आई, आणि पोट पार नाकाशी आलेलं. नवऱ्यानं मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि तो थोरल्याला सांभाळायला माळावर परत गेला.

तिला पाहून खोर्लो किंचाळलीच. "तू अजून इथे? तू तर मागच्या फेरीतच जायला हवी होतीस!"

"चोइनोमकाका न्यायला आले होते. मी कुरणात जाऊन लपले."

"एवढं पोट घेऊन? कुठल्या गवतात मावलीस?"

सार्नाई हसली नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या पलंगाच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "नाळआई, मी इथे बाळंत होणार. तुझ्या हातानं."

"वेड लागलंय."

"थोरल्याच्या वेळी तिकडे गेले होते ना. चांगली माणसं होती गं, वाईट नाही म्हणत. पण सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नाळ कुणी कापली, विचारलं, तर म्हणाले ड्यूटी बदलली. माझ्या मुलाला नाळआईच नाही. त्सागान सारला सगळी पोरं कुठे कुठे जातात, हा मला विचारतो, मी कुणाकडे जाऊ? काय सांगू त्याला? इस्पितळाच्या फाटकाला खादग बांधून ये म्हणू?"

खोर्लोनं चादरीची सुरकुती सारखी केली.

"आणि आई इथेच गेली. मी इथेच आले. तिची दुसरी काही जागाच माझ्याकडे नाही. उद्या ती मोठी माणसं येतायत. तू सांग त्यांना. तू सांगितलंस तर ऐकतील."

"आधी आडवी हो," खोर्लो म्हणाली.

तिनं शेगडीवर हात शेकले आणि सार्नाईच्या पोटावर ठेवले. डोकं खाली, पाठ डावीकडे, सगळं जिथल्या तिथे. आतून एका टाचेनं तिच्या तळव्याला ढुशी दिली. खोर्लोच्या हातांना इतका आनंद झाला की तो तिच्या दंडांतून वर चढत गेला. सगळं ठीक होतं. नाही म्हणायला एकही कारण तिच्या बोटांना सापडलं नाही, आणि तिनं ते फार मनापासून शोधलंही नाही.

"सांगते उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या आल्या. म्याग्मार नावाची पन्नाशीची डॉक्टरबाई समितीची प्रमुख. बारीक केस, पायात मळके बूट, डोळ्यांत झोप. सोबत एक उंच परदेशी पाहुणा, जो प्रत्येक उत्तराला हसून मान डोलवायचा, आणि प्रश्न विचारून उत्तरं टिपून घेणारी दोन तरणी पोरं. वेळ थोडा, गावं फार. उतरले ते थेट माळावरच्या गेरांकडे निघाले. वाट दाखवायला चोइनोम.

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यानं काही विचारलं तर आधी सगळं छान असतं. गुरं कशी? धष्टपुष्ट. शरद कसा? सुखाचा. काल लांडग्यानं अर्धा कळप फाडलेला असला तरी सुखाचाच. मग चहा होतो, वाटी रिकामी होते, पुन्हा भरते, तपकिरीच्या बाटल्या इकडून तिकडे होतात, आणि मग यजमान खाकरून म्हणतो, काल लांडगा आला होता. आल्याबरोबर पाहुण्याच्या अंगावर दुःख फेकणं म्हणजे आमच्याकडे दारातच कुत्रं सोडण्यासारखं.

त्या पोरांनी मात्र उंबऱ्याच्या आत पाय टाकला की प्रश्न सुरू केले. म्हातारा लुव्सान पायाला फळी बांधून पडला होता.

"आजोबा, आरोग्यसेवा कशी मिळते?"

"छान."

"डॉक्टर वेळेवर येतात?"

"येतात की."

"पायाला काय झालं?"

"काही नाही. बरं आहे."

परदेशी पाहुण्यानं मान डोलावली. म्हातारी चहा गाळत होती तोवर पाहुणे बाहेर पडून पुढच्या गेरकडे निघालेसुद्धा. मागे चहा ओतला गेला, म्हाताऱ्यानं पहिला घोट घेतला आणि भिंतीला उद्देशून आपल्या पायाची सगळी कर्मकहाणी सांगितली. ऐकायला चोइनोम तेवढा उरला होता.

दुपारी मंडळी दवाखान्यात आली. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात म्याग्मारबाईंनी खोर्लोला विचारलं, "ग्वाई, बाळंतपणं जिल्ह्याला जायला लागल्यापासून कसं चाललंय?"

"छान चाललंय," खोर्लो म्हणाली.

"ही खोली नसली तर काही अडेल?"

"नाही, नाही. काही अडचण नाही."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. उभ्या-उभ्या, पाहुणी दारात, हातात चहाची वाटी नाही, अशा वेळी दुसरं काही तिच्या जिभेवर आलंच नाही. तिनं पुढे बोलायला तोंड उघडलं, तर बात्सुख सगळ्यांना घेऊन औषधांच्या कपाटाकडे निघाला होता.

संध्याकाळी तो आनंदानं तिच्या घरी आला. "ग्वाई, तुम्ही मन मोठं केलंत! मला वाटलं होतं तुम्ही हटून बसाल."

तो गेल्यावर चोइनोम पोट धरधरून हसला. "अख्ख्या मुलुखाला त्यांनी चहाआधी विचारलं! आता राजधानीत जाऊन सांगतील, या गावात कुणाला पडसंसुद्धा होत नाही."

"हसू नकोस, मेल्या. माझी खोली गेली."

तो थांबला. बायकोचा चेहरा पाहून त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. म्हणाला, "उद्या निघताना त्यांना इथूनच जायचंय. त्या बाईंना घरी बोलव. चहा पाज. दुसरी वाटी झाली की बोल. मोठं भांडं ठेव."

सकाळी म्याग्मारबाई आल्या. परदेशी पाहुणा आणि पोरं सामान बांधत होती, त्यामुळे एकट्याच. सार्नाई पलीकडे खाटेवर उशीला टेकून बसली होती. खोर्लोनं मिठाचा दुधाळ चहा दोन्ही हातांनी दिला, पुढ्यात वाळवलेल्या दह्याचे अरुल ठेवले. बाईंनी पहिली वाटी झोपाळू डोळ्यांनी प्यायली. दुसरीला त्यांनी बुटांचे बंद सैल केले आणि भिंतीला पाठ टेकली. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "ग्वाई, काल काहीतरी बोलायचं राहिलं ना तुमचं?"

आणि खोर्लो बोलली. एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. रिकाम्या खोलीत शेगडी का पेटवते ते सांगितलं. त्सागान सारच्या रांगेचं शेपूट कसं तुटलं ते सांगितलं. आमच्या गावची सगळी पोरं आता परगावी जन्मतात, परक्या पाण्यानं धुतली जातात, आणि कोण कुणाच्या हातात आलं ते कुणाला ठाऊक नसतं. "तुमचं सगळं बरोबर आहे, बाई. पण माझे हात तुम्ही काढून घेतलेत. बाळ बाहेर येताना जे गरम गरम हातात सांडतं ना, त्यासाठी मी इतकी आसुसलेय की कधी कधी वाटतं..." ती थांबली. सार्नाईकडे बोट करून म्हणाली, "ही माझ्या हातची. हिला इथेच व्हायचंय. सगळं सरळ आहे. खोली ठेवा. एवढंच मागते."

म्याग्मारबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यांचे डोळे आता पूर्ण उघडे होते. "मीही पूर्वी अशाच गावात होते," त्या म्हणाल्या. "अजून स्वप्नात ती खोली येते. मी खोली ठेवा म्हणून लिहू शकते, ग्वाई. माझं ऐकतील. फक्त एक सांगा. हिच्या आईचं मला बात्सुख बोलला. त्या दिवशी तुमच्याकडे जे नव्हतं, ते आज आहे?"

सार्नाई पुढे झुकली. "सांग ना," ती हळूच म्हणाली.

खोर्लोला हो म्हणता आलं असतं. खिंडीतला रस्ता आता रुंद आहे, फोन आहे, शरदात वादळ होत नाही; सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही म्हणजे रक्त नव्हतं. नुसतं छान म्हटलं असतं तरी बाई लिहिणार होत्या. पण चहा पिऊन झाला होता. वाट्या रिकाम्या होत्या. आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती.

"नाही," खोर्लो म्हणाली. "काही नाही. आजही फक्त मीच आहे."

खोर्लोनं रिकाम्या वाट्या एकात एक घातल्या. मग म्हणाली, "लिहा तुम्ही. मोडा म्हणून लिहा. आणि त्या लुव्सानच्या पायाकडे जाता जाता बघा, तो बरा नाही. काल सगळ्यांना तुम्ही चहाआधी विचारलंत."

म्याग्मारबाई उठल्या, तिच्या कोपरांखाली हात धरून त्यांनी मोठ्या माणसाला करतात तसा नमस्कार केला आणि गाडी आधी लुव्सानच्या गेरकडे घ्यायला लावली.

दार लागल्यावर सार्नाई म्हणाली, "हो म्हणता आलं असतं तुला."

"आलं असतं."

"मग? मी काही म्हटलं नसतं. काही झालं असतं तरी तुला बोल लावला नसता."

"तुझी आईही त्या पलंगावर हेच म्हणाली होती गं. तू आहेस ना, मग मला काय होतंय. मी होते, सार्नाई. नुसती मीच होते."

सार्नाईनं तोंड फिरवलं. चोइनोमनं गाडी दाराशी आणली तेव्हा ती कुणाचा हात न धरता चढली. वाट सुखाची जावी म्हणून खोर्लोनं पळीनं चाकांवर दूध शिंपडलं. मग काय वाटलं कोण जाणे, पळी शेजारणीच्या हातात देऊन ती स्वतःही गाडीत चढली. इतक्या बायका तिनं दारातून रवाना केल्या होत्या, पण सोबत एकदाही गेली नव्हती. तिचा तेवढा रुसवा होता.

"तू कुठे?" चोइनोमनं विचारलं.

"गाडी चालव."

खिंड येईपर्यंत सार्नाई खिडकीकडे तोंड करून बसली. खिंडीत चोइनोमनं वाटेवरच्या दगडांच्या राशीला तीनदा भोंगा वाजवून मान दिला, गाडी पलीकडे उतरायला लागली, आणि मग कधीतरी तिनं खोर्लोच्या खांद्यावर डोकं टेकलं. रागातच टेकलं, जरा जोरात. खोर्लोला लागलं, पण ती हलली नाही.

जिल्ह्याच्या वाट पाहण्याच्या घरात थोडेच दिवस काढावे लागले. एका सकाळी कळा सुरू झाल्या. खोर्लो सार्नाईचा हात धरून लांबलचक पांढऱ्या बोळातून चालत गेली. शेवटी दोन फळ्यांचं दार होतं. आतून आलेल्या माणसानं सार्नाईला घेतलं आणि खोर्लोच्या पुढे हात आडवा केला. नातेवाइकांनी बाहेर. ती म्हणणार होती की मी सुईण आहे, पण म्हणाली नाही. बाकावर दोन सासवा आणि एक घाबरलेला नवरा बसला होता. ती त्यांच्या शेजारी बसली.

दाराच्या त्या बाजूला तिचं आयुष्य गेलं होतं. या बाजूला ती पहिल्यांदाच बसली. या बाजूला इतकं काही नसतं, हे तिला माहीत नव्हतं. पावलं ऐकू यायची, भांड्यांचा आवाज यायचा, कुणीतरी जोर दे म्हणायचं, आणि तिचे हात मांडीवर आपोआप वळायचे, उघडायचे, पुन्हा वळायचे. शेजारच्या सासूनं तिला अरुल दिला. तो तिनं तसाच मुठीत धरून ठेवला.

मग ते रडणं आलं. किती वर्षांनी! जाड दारातून, अर्धंमुर्धं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातातलं. खोर्लो उठून उभी राहिली आणि दाराला कपाळ लावून ते संपेपर्यंत ऐकत राहिली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तरणीताठी मुलगी होती, मास्क लावलेली, कपाळावर घामानं चिकटलेले केस. "सार्नाईचं कोण आहे?"

"मी."

"तुम्ही तिच्या कोण?"

हाच प्रश्न खोर्लोनं आपल्या दारातून उभा जन्म लोकांना विचारला होता. तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"आई," ती म्हणाली.

"मुलगी झाली, आजी. जरा जास्त रक्त गेलं, पिशवी लावलीय. आता दोघी ठीक आहेत."

खोर्लोनं डोळे मिटले आणि उघडले. मग तिनं त्या मुलीचा हात धरला. हात अजून ओलसर आणि गरम होता. तिला त्या हाताचा असा हेवा वाटला की क्षणभर तो सोडवेना.

"नाळ तू कापलीस?"

"हो. का?"

"नाव काय तुझं?"

मुलगी दचकली. "काही चुकलं का? तक्रार द्यायची असेल तर खाली खिडकीवर..."

"तक्रार नाही गं. त्सागान सारला ही मुलगी खादग घेऊन तुझ्याकडे येईल. तिला नाव ठाऊक नको?"

मुलीनं मोकळ्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. "माझ्याकडे?" ती म्हणाली. "इथे इतकी होतात रोज. माझ्याकडे अजून कुणीच आलं नाही."

"कुणी विचारलं नसेल. सांग."

मुलीनं मास्क खाली ओढला. विशी-बाविशीची असेल, नाकावर मास्कचा वळ होता.

"झोलझाया," ती म्हणाली.

"पुन्हा सांग," खोर्लो म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

तिला अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. हात सोडायचा नव्हता, इतकंच.